दुरून ऐकलेले डोंगर

गडचिरोली जिल्ह्यातली चामोर्शी धानाची. पश्चिमेला वैनगंगा, आग्नेयेला एटापल्ली-भामरागडचे डोंगर. दोहोंच्या मधे बसून कानात शूगेझ लावलं, की प्रश्न पडतो: या गाण्यातला डोंगर कुणाचा?

शूगेझ आणि ड्रीमपॉप म्हणजे गिटारींचे थरावर थर. एक सूर विरायच्या आत दुसरा त्यात मिसळतो. गाणाऱ्याचा आवाज तळाशी. शब्द निम्मे कळतात, निम्मे निसटतात. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा अल्बम ‘लव्हलेस’ १९९१चा, स्लोडाइव्हचा ‘सूव्लाकी’ १९९३चा. ऐकताना धुकं दिसतं, दरी दिसते, निळी रांग दिसते.

निळेपण डोंगराच्या अंगचं नव्हे. ते मधल्या हवेचं.

आवाजाचंही तसंच. कडा १७ मीटरांहून दूर असेल तर हाक वेगळी होऊन परत येते. जवळ असेल तर मूळ हाकेतच मिसळून घुमते. घुमण्याला जागा लागते, आणि जागेला अंतर. शूगेझ वाजवणाऱ्याच्या पुढ्यात गिटारीचा आवाज घुमवणाऱ्या पेडलांची ओळ असते. पेडल म्हणजे पायाखाली घेतलेला कडा: दाबला, की अंतर तयार.

विकत घेतलेलं अंतर चालावं लागत नाही.

डोंगराची ओढ बहुधा डोंगराबाहेर लागते. कॉक्टो ट्विन्स हे ड्रीमपॉपचे आद्य वादक ग्रेंजमाउथचे. स्कॉटलंडमधलं तेव्हाचं तेलशुद्धीकरणाचं गाव ते. आपल्याकडे १९६७ साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ केला. काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस, संतूर, बासरी आणि गिटारीवर. तबल्याला माणिकराव पोपटकर. शिवकुमार जम्मूचे, पण तोवर मुंबईकर झालेले. डोंगर सुटला, की तो वाजवता येतो.

जंगलात पानं तीक्ष्ण आवाज गिळतात, खर्ज लांब जातो. तिथे ढोलच शहाणा.

इथल्या माडिया आदिवासींच्या रेल्यात, म्हणजे त्यांच्या सामूहिक नाचगाण्यात, पालुपद पुन्हापुन्हा येतं. त्याचं काम अर्थ सांगण्याचं कमी, सगळ्यांना एका पावलावर आणण्याचं जास्त. शब्द तिथेही विरतात, पण माणसांत विरतात. शूगेझवाला पायाकडे बघतो तो बटणासाठी. रेल्यात पाय सांभाळायचा तो शेजारच्याशी जुळावा म्हणून.

इथल्याच झाडीपट्टीच्या नाटकाला मात्र धूसरपणा परवडत नाही. मंडईच्या जत्रेची रात्र असते, मांडव भरलेला असतो. शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचला नाही, तर तो माणूस झोपतो.

आता गिटारीच्या तारेकडे पाहू. इलेक्ट्रिक गिटारीच्या पिकअपमध्ये चुंबक असतं, त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. वरची पोलादी तार थरथरली, की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज उमटते आणि तिचाच पुढे आवाज होतो. नायलॉनच्या तारेला हे चुंबक ओळखही देत नाही. गाण्यात डोंगर प्रेरणा म्हणून शिरतो, त्याच्या आधी धातू म्हणून शिरलेला असतो.

एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर लोहखनिजाचा. त्याचं खनिज कोनसरीच्या कारखान्यात येतं, आणि कोनसरी चामोर्शी तालुक्यात. त्याच डोंगरावर माडियांचा ठाकुरदेव. जानेवारीत त्याची यात्रा भरते. एकाच डोंगराचे असे दोन हिशेब: एकात तो टनांत मोजतात, दुसऱ्यात त्याला नमस्कार करतात.

दुरून निळा, खणल्यावर लाल.

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण सपाटीवरच्या माणसाची. डोंगरात राहणाऱ्याच्या वाट्याला ते ‘दुरून’ येतच नाही.

धुकं सुंदर असतं, कारण त्यात कुणाचं घर दिसत नाही.

हा दोष संगीताचा म्हणता येणार नाही. तार पोलादाची हवी आणि डोंगर जागेवर हवा, असं मागणारे आपण सगळेच. ज्याला दोन्ही हवं, त्याने निदान दोन्हीची किंमत तरी विचारावी.

शूगेझ जरूर ऐका, डोळे मिटून ऐका. दुरून प्रेम करण्यात वावगं काही नाही. फक्त ज्याच्यावर केलं, त्याचं नावगाव ठाऊक असावं. निळी रांग आवडली असेल, तर एकदा तिचं नाव विचारा, आणि ते तिथे राहणाऱ्या माणसाला विचारा.