आश्रयाचा हिशेब

दया करणाऱ्याकडे हिशेब मागावा काय, हा प्रश्न वरवर पाहतां उद्धटपणाचा वाटतो. ज्यानें भुकेल्यास अन्न दिलें त्यास, किती दिलें व कसें दिलें, असें विचारणें म्हणजे त्याच्या सद्भावाचा अपमान, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु घरांतील मारहाणीनें जीव नकोसा होऊन जी स्त्री लेंकरांसह बाहेर पडते, तिला थारा देणाऱ्या गृहांविषयीं विचार करूं लागलें म्हणजे हा प्रश्न टाळतां येत नाहीं. अशा गृहांस पैसा कोणीं द्यावा, आंत काय चालतें हें कोणीं पाहावें, याविषयीं खेड्यांतील मंडळ्यांनींहि आपलें मत निश्चित केलें पाहिजे. कारण ही गोष्ट जितकी सरकारी कचेरींतली, तितकीच आपल्या शेजारच्या घरांतली आहे.

पेठ तालुका डोळ्यांपुढें आणावा. डोंगरउतारावर नागली, वरई व भात यांची शेती. पावसाळा सरला कीं पुष्कळ कुटुंबें दिंडोरी, निफाडकडील द्राक्षमळ्यांत मजुरीस जातात. पेठेहून नाशिक ५० किलोमीटरांहून अधिक दूर, आणि पाडा तर पेठेपासूनहि दूर. ज्या रात्रीं दारूच्या धुंदींत नवरा लांकूड उगारतो, त्या रात्रीं त्याच्या बायकोनें कोठें जावें? माहेरीं गेली तर चार दिवसांनीं पंच बसून तिला परत धाडतात. मळ्यावर असली तर माहेरहि जवळ नसतें. हें दुःख एका जातीचें अगर एका तालुक्याचें नव्हे. शहरांतील शिकलेल्या घरांत तें आहे, आणि रविवारीं उपासनेस येणाऱ्या घरांतहि आहे. फरक इतकाच कीं, पेठेच्या पाड्यावरून वाट लांब आहे.

वाटेच्या लांबीचा विचार पवित्र शास्त्रांत केलेला आहे, याकडे आमचें लक्ष क्वचितच जातें. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें सहा शरणपुरें नेमिलीं होतीं. तीन यार्देनेच्या एका बाजूस व तीन दुसऱ्या बाजूस. अनुवादाच्या १९ व्या अध्यायांत देशाचे तीन भाग करून तेथें जाण्याचे रस्ते तयार ठेवण्याची आज्ञा आहे; हेतु हा कीं, वाट लांब म्हणून पळणारा मध्येंच गांठला जाऊं नये. तीं नगरें, ज्याच्या हातून नकळत मनुष्यवध झाला, त्याच्यासाठीं होतीं. ज्याच्या हातून रक्त सांडलें त्याची जर देवानें इतकी काळजी वाहिली, तर जिनें कोणाचेंच वाईट केलें नाहीं तिच्यासाठीं रस्ता नको काय?

यावर कोणी हागारेचें उदाहरण देतील, कीं देवदूतानें तिला धनिणीकडे परत जावयास सांगितलें. खरें आहे. परंतु ज्यानें तिला परत धाडलें, त्यानें तिचें दुःख ऐकलें होतें, तिला वचन दिलें होतें, आणि पुढें तिला घराबाहेर घालविलें तेव्हां रानांत तिला पाण्याची विहीरहि त्यानेंच दाखविली. आमच्या पंचांपैकीं किती जण परत धाडलेल्या बाईच्या दारीं महिन्याभरानें जाऊन तिची चौकशी करतात? शिवाय त्याच नियमशास्त्रांत, पळून आलेल्या दासास धन्याच्या स्वाधीन करूं नये, त्यास आवडेल त्या ठिकाणीं राहूं द्यावें, अशी आज्ञा आहे. पत्नी ही दासी नव्हे. मग दासास जें मिळावें तें तिला कां मिळूं नये?

नाशिककर ख्रिस्ती लोकांस तर हा विषय परका नाहीं. चर्च मिशनरी सोसायटीनें १८५० नंतरच्या दहा वर्षांत वसविलेल्या वस्तीस शरणपूर हेंच नांव मिळालें. गुलामांच्या गलबतांतून सोडविलेलीं आफ्रिकी मुलें पुढें तेथें वाढलीं. तीं सोडविलीं सरकारी आरमारानें आणि सांभाळलीं मिशननें. एकट्यानें हें काम झालें नसतें. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यास निराधार गरोदर विधवांसाठीं आपलें दार उघडलें. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें, व पुढें केडगांवीं मुक्ति मिशन उभें राहिलें. खाजगी दयेनें वाट दाखविली हें निर्विवाद. पण एकट्या दयेस प्रत्येक तालुक्यास पुरणें शक्य नव्हतें, आणि आजहि नाहीं.

म्हणून कायदा आला. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचें संरक्षण करणारा अधिनियम २००५ सालीं झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें स्त्रीनें स्वतः, किंवा तिच्या वतीनें संरक्षण अधिकाऱ्यानें अगर सेवा देणाऱ्या नोंदलेल्या संस्थेनें मागणी केली असतां, आश्रयगृहाच्या प्रमुखानें तिला आश्रय द्यावयाचा आहे. आधीं अहवाल नोंदविला नाहीं या सबबीवर तिला परतवितां येत नाहीं, आणि तिची इच्छा असल्यास तिचें नांव गुप्त ठेवावें लागतें. ज्या घरांत ती नांदली त्या घरांत राहण्याचा तिचा हक्कहि कायद्यानें मानला आहे. म्हणजे बाहेर तीच निघावी असें नाहीं. २०१५ पासून ‘सखी’ केंद्रें निघालीं. २०२२ पासून स्वाधार गृहांची योजना ‘शक्ति सदन’ या नांवाखालीं आली. १८१ या क्रमांकावर मदत मागतां येते. तरीसुद्धां मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयास राज्यांना बजावावें लागलें कीं, जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा आणि आश्रयगृहांची सोय करा. कायदा होऊन वीस वर्षें लोटत आलीं असतां असा हुकूम द्यावा लागतो, यांतच बरेंचसें आलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. घरांत त्या स्त्रीचें दुःख कशांत होतें? केवळ काठींत नव्हे. डोक्यावरचें छप्पर दुसऱ्याच्या हातीं, आणि त्यास जाब विचारणारा कोणी नाहीं, हें तिच्या दुःखाचें मूळ. आश्रयगृहांत आल्यावर छप्पर पुन्हां दुसऱ्याच्याच हातीं असतें. तेथील चालकासहि जाब विचारणारा कोणी नसेल, तर घर बदललें, दुःखाचें मूळ तसेंच राहिलें. उलट उपकाराच्या ओझ्यानें तिचें तोंड अधिकच बंद झालें. बिहारमधील मुझफ्फरपूर येथील मुलींच्या आश्रयगृहास सरकारी पैसा मिळत होता, आणि सरकारी तपासनीसहि तेथें जात. तरी तेथील घोर अत्याचार उघडकीस आले ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या माणसांनीं मुलींजवळ बसून त्यांचें ऐकून घेतलें तेव्हां. त्यांचा अहवाल २०१८ सालीं सादर झाला व २०२० सालीं चालकास जन्मठेप झाली. वही तपासणें वेगळें आणि माणसास विचारणें वेगळें, हा यांतील धडा आहे.

सरकारहि या नियमाबाहेर नाहीं. १८९७ सालीं पुण्यास प्लेगाच्या वेळीं सरकारी इस्पितळांत व छावणींत स्त्रियांची जी विटंबना होत होती, तिच्याविरुद्ध रमाबाईंनीं ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रांत उघड तक्रार केली. सरकार संस्थेवर लक्ष ठेवतें तसें संस्थेनें सरकारवर ठेवावें. आणि दोघांनीं काय केलें हें त्या स्त्रीसच विचारावें.

आमच्या कित्येक बंधूंस भीति वाटते कीं, सरकारी मदत घेतली तर सरकारी तपासणी येईल आणि मिशनकार्यास बंधन पडेल. बंधन पडेल हें खरें; पण कोणतें? दार बाहेरून बंद करूं नये. पत्रें फोडूं नयेत. थारा दिला म्हणून धर्म, प्रार्थना अगर मजुरी यांची सक्ति करूं नये. अशा बंधनाचें भय खऱ्या दयेस नसावें. अटीवर दिलेला आश्रय हा सौदा होय. पौल प्रेषित यरुशलेमच्या गरिबांसाठीं वर्गणी नेत असतां त्यानें बरोबर दुसरे विश्वासू बंधु घेतले. प्रभूपुढें प्रामाणिक असणें त्यास पुरेसें वाटलें नाहीं, मनुष्यांपुढेंहि तें दिसावें अशी त्यानें काळजी घेतली. आणि पहिल्या मंडळींत विधवांची आबाळ होते अशी कुरकूर उठली, तेव्हां प्रेषितांनीं ती दाबली नाहीं. सात माणसें नेमिलीं. स्त्रियांची तक्रार ऐकून मंडळीची व्यवस्था सुधारली, हा आमच्या मंडळीच्या आरंभींचाच इतिहास आहे.

तेव्हां पेठेकडील व इतर खेड्यांतील मंडळ्यांनीं काय करावें? पाळकांनीं व पंचांनीं मारहाण झालेल्या स्त्रीस, तिच्या मनाविरुद्ध, समेटाच्या नांवाखालीं परत धाडूं नये. संरक्षण अधिकारी कोण, हें तहसिलींत विचारून घ्यावें; त्याचें नांव व १८१ हा क्रमांक उपासनामंदिराच्या दारीं लावावा. रात्रीं गाडी कोण नेईल हें दोन घरांनीं आधींच ठरवून ठेवावें. आश्रयगृहांत गेलेल्या बहिणीस तिची इच्छा असल्यास दोन स्त्रियांनीं भेटत जावें, आणि ती काय म्हणते तें नीट ऐकावें. ग्रामसभेंत रस्ता, पाणी यांजबरोबर हाहि विषय काढावा.

सरकारनें पैसा द्यावा व पाहणीहि करावी. संस्थेनें दार उघडावें व आपला हिशेबहि उघडा ठेवावा. परंतु पाड्यापासून त्या दारापर्यंतची वाट तयार ठेवणें हें काम शेजाऱ्याचें आहे. आश्रय किती चांगला हें भिंतींवरून ठरत नाहीं. तेथें तिला वेळेवर पोंचतां येतें काय, आणि वाटेल तेव्हां ताठ मानेनें बाहेर पडतां येतें काय, या दोन प्रश्नांवरून तें ठरतें. प्रभु आम्हांस जो हिशेब विचारील, त्यांत हे दोन प्रश्न असतील यांत संशय नाहीं.