दगड कोठे होता?

‘बांध कोरणे’ हा शब्दप्रयोग शेतीच्या तंट्यांशी ज्याचा संबंध आला आहे त्याला ठाऊक असतो. नांगराचे एखादे तास दरवर्षी शेजाऱ्याच्या बाजूला सरकते आणि चोरी नेमकी कधी झाली हे कोणालाच सांगता येत नाही. या संथ चोरीला अडविणारी वस्तू म्हणजे हद्दीचा दगड. तो बोलत नाही. त्याच्या साक्षीचे सारे मूल्य त्याच्या न हलण्यात असते.

ही साक्ष जपण्याची चिंता फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेवर वड, पिंपळ, पळस यांसारखी झाडे लावण्यास सांगितले आहे. परंतु सीमेविषयी माणसे नेहमी चुकतात हे ओळखून दगड, हाडे, राख, खापऱ्या, कोळसे अशा वस्तू जमिनीखाली पुरून ठेवण्याचेही तेथे विधान आहे. शिलाहारकाळात कोकणात सूर्यचंद्र व शाप कोरलेल्या गद्धेगाळांनी दानभूमीचे रक्षण केले. गावशिवेवरच्या कित्येक दगडांना लोकांनी शेंदूर फासला. देव झालेला दगड सहजासहजी कोणी हलवीत नाही.

एकोणिसाव्या शतकात या श्रद्धेची जागा मोजणीने घेतली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या पद्धतीचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्के केले. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. साखळीच्या चौरसाचा एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. शेताला नंबर मिळाला, हद्दींवर खुणा उभ्या राहिल्या. कागद आणि दगड एकमेकांचे साक्षीदार झाले.

पण हे दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलू लागले तर? साखळी उन्हाने वाढते, झिजते, चढउतारावर फसविते. आज उपग्रहांच्या साहाय्याने मोजणी केली असता जुना दगड ‘योग्य’ जागेपासून दूर असल्याचे दिसू शकते. अशा वेळी दगड सरकवावा, की मापातील चूक स्वीकारावी?

या प्रश्नाचे उत्कृष्ट उदाहरण अमेरिकेतील मेसन-डिक्सन रेषेचे आहे. पेन आणि कॅल्व्हर्ट घराण्यांतील सुमारे आठ दशकांचा वाद मिटविण्यासाठी चार्ल्स मेसन व जेरेमाया डिक्सन यांनी १७६३ ते १७६७ या काळात ती आखली. जेथवर नेता आले तेथवर इंग्लंडहून आणलेले दगड मैलामैलावर रोवले गेले. दर पाचव्या मैलाच्या दगडावर दोन्ही घराण्यांची चिन्हे होती. पेनसिल्व्हेनिया व मेरिलंड यांमधील ही रेषा एकाच अक्षांशावर राहावयाची होती. परंतु भूगर्भातील असमान वस्तुमानाने ओळंबा किंचित कलतो, हे त्या काळी पुरते हिशोबात घेता येण्याजोगे नव्हते. त्यामुळे रेषा काही ठिकाणी शेकडो फूट ढळली. तरीही १९०० ते १९०३ च्या फेरमोजणीत अक्षांश सुधारला गेला नाही. मूळ दगड शोधून, पडलेले पुन्हा उभे करण्यात आले. मिशिगनचे न्यायमूर्ती टॉमस कूली यांनी एकोणिसाव्या शतकातच हे तत्त्व मांडले होते: खूण कोठे असावयास हवी होती हे नव्हे, तर ती कोठे होती हे शोधणे मोजणीदाराचे काम आहे.

यात विज्ञानाचा अवमान नाही. सीमा हे निसर्गातील तथ्य नसून माणसांमधील वचन आहे. साखळी हे त्या वचनाचे साधन होते. दगड हे त्याचे रूप. त्या दगडाकडे पाहून कोणी विहीर खणली, कोणी घर बांधले, कोणी लेकरांत वाटणी केली. दगड ‘दुरुस्त’ करणे म्हणजे या सर्वांना दिलेला शब्द मागे घेणे होय.

मग प्रत्येक जुनी चूक पवित्र मानावयाची काय? तसे म्हणता येणार नाही. इंदापुरातच प्रिंगल यांची आधीची आकारणी शेतकऱ्यांना पेलवेना. ती टाकून द्यावी लागली आणि ते योग्यच झाले. ज्या चुकीवर विश्वासून माणसे उभी राहतात ती एक, आणि जिच्या भाराखाली ती वाकतात ती वेगळी. पुढे मेसन-डिक्सन रेषाच गुलामगिरी असलेल्या व नसलेल्या राज्यांमधील सीमा म्हणून ओळखली गेली. तो अन्याय कायद्याने दूर करावा लागला. दगड उपटून तो दूर झाला नसता.

किंबहुना अन्याय दूर करण्यासाठीही मूळ खूण लागते. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. महार वतनाची जमीन कोणती आणि तिची हद्द कोठवर, हे जुना कागद आणि जुनी खूण यांवाचून कोण सांगणार? बलवानाला दगडाची गरज नसते. त्याच्यापाशी नांगर असतो, माणसे असतात, वेळ असतो. दगडाची गरज असते ती ज्याच्या शब्दाला वजन नाही त्याला.

म्हणून मूळ खूण जपणे हे केवळ पुरातत्त्वाचे काम नाही. रस्ता रुंद होताना ती उखडली जाणार असेल तर आधी तिची जागा नेमकी नोंदवावी. नवा दगड बसवावयाचा तर जुन्याच्या जागी बसवावा, आपल्या गणिताच्या जागी नव्हे. आपले माप अधिक अचूक आहे, यात शंका नाही. पण ज्यांनी तो दगड मान्य केला ती माणसे आता बोलावयास येणार नाहीत. त्यांच्या वतीने तेवढा दगडच उरला आहे.