पत्रिकेतले चार गुण

भाचीचं लग्न जमत आलं आहे. मुलगा तिला मनापासून आवडतो, पण शरीरसंबंधाची ओढ तिला आजवर कुणाबद्दलच वाटलेली नाही. हे त्याला सांगायचं का, हा तिचा पेच. मावशी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. संवाद मी रचलेला आहे. पेच खराखुरा आहे.

भाची : 36 पैकी 27 गुण जुळले, मावशी. शरीरसंबंधाचा मेळ बघणाऱ्या योनीकूटाचे 4 असतात, तेही पूर्ण. गुरुजींनी दोन्ही घरांसमोर वाचून दाखवलं. मला मात्र त्याबद्दल कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

मावशी : विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?

भाची : की मी एसेक्शुअल आहे. त्याच्या फोनची वाट बघते, म्हातारपणी हाच शेजारी असावा असं वाटतं. पण शरीराने जवळ यावं असं वाटत नाही. माझ्या एका मैत्रिणीचं नेमकं उलट. तिला शरीराची ओढ वाटते, पण प्रेमात पडणं म्हणजे काय ते तिला कधी उमजलंच नाही. ती एरोमँटिक. काहींना दोन्ही वाटत नाही. लोक सगळ्यांना एकाच माळेचे मणी समजतात.

मावशी : तुझी आई म्हणेल, लग्न झालं की सगळं आपोआप होतं.

भाची : होईलही. काहींना खूप जवळीक झाल्यावरच ओढ वाटते, काहींना क्वचित कधीतरी. पण उद्या कदाचित वाटेल, ह्या भरवशावर आज कुणाचं आयुष्य बांधून घेऊ?

मावशी : आणि डॉक्टर?

भाची : अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांची निदानपुस्तिका आहे, डीएसएम. तिच्या 2013 च्या आवृत्तीत लिहिलंय, की व्यक्ती स्वतःला एसेक्शुअल मानत असेल तर कमी इच्छेचा विकार म्हणून निदान करू नये. 2004 मध्ये अँथनी बोगार्ट ह्या संशोधकाने ब्रिटनमधल्या अठरा हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. साधारण शंभरात एकाने सांगितलं होतं, की आपल्याला कधीच कुणाबद्दल लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही.

मावशी : आपल्याकडे ब्रह्मचर्याला केवढा मान! ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून निघून गेलेल्या रामदासांची गोष्ट आपण पोरांना कौतुकाने सांगतो.

भाची : तो मान निग्रहाचा. त्यांनी सोडलं, म्हणून ते मोठे. मी काय सोडू? सोडण्यासारखं माझ्याकडे काही नाहीच. आणि मला बोहल्यावरून पळायचं नाहीये, मावशी. मला तिथे उभं राहायचंय.

मावशी : मग सांग त्याला.

भाची : सांगितलं आणि त्याने नकार दिला, तर कारण त्याच्या आईला कळणार, मग मध्यस्थ काकूंना, मग सगळ्या नात्यागोत्याला. शिवाय सांगायचं ओझं माझ्यावरच का? त्याने कुठे सांगितलंय, त्याला काय हवंय ते?

मावशी : ज्याला ओढ आहे त्याला सांगावं लागत नाही, सगळे ती धरूनच चालतात. हा अन्यायच आहे. पण कायदा ऐक. हिंदू विवाह कायद्याचं कलम 12 म्हणतं, की जोडीदाराबद्दलच्या महत्त्वाच्या बाबीत फसवून संमती घेतली असेल, तर लग्न रद्द करून मागता येतं. 2007 च्या समर घोष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सबळ कारण नसताना दीर्घकाळ एकतर्फी संबंध नाकारणं ही मानसिक क्रूरता ठरू शकते. आणि भारतीय न्याय संहितेत सज्ञान बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती अजूनही बलात्काराच्या व्याख्येबाहेर आहे. तुझ्या ‘नाही’ला आज जेवढं वजन आहे, तेवढं लग्नानंतर राहत नाही.

भाची : म्हणजे भीतीपोटी सांगू?

मावशी : भीतीपोटी सांगू नकोस. आपण कशाला हो म्हणतोय हे त्याला ठाऊकच नसेल, तर त्याच्या होकाराला अर्थ काय? आणि तू मन मारून रात्री काढशील, तो तरी कसला होकार?

भाची : काहीजणी राजीखुशीने संबंध ठेवतात, जोडीदारासाठी. मीही कदाचित ठेवेन.

मावशी : ठेव की. पण ते दोघांनी उघड बोलून ठरवा, आणि उद्या तुझं मन बदललं तर तेही बोलायची मोकळीक असू दे.

भाची : किती सांगू?

मावशी : आज जेवढं ठाऊक आहे तेवढं. सुपारी फुटण्याआधी, दोघंच असताना. त्याच्या घरच्यांना सांगायचं बंधन तुझ्यावर नाही.

भाची : आणि तो चारचौघांत बोलला तर?

मावशी : बोलू शकतो. ह्याला माझ्याकडे तोड नाही, पोरी.

मावशीचा कौल मला पटतो : सांगावं, लग्नाआधी, आणि त्यालाच. पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या हाती नाही, ते आपल्या हाती आहे. तुमच्या घरी स्थळं बघणं सुरू असेल, तर दोघांना निवांत एकांतात बोलू द्या, अर्ध्या तासाचे पोहे संपेपर्यंत नव्हे. आणि कुठूनही नकार आला तर कारण खोदून विचारू नका. ‘जमलं नाही’ एवढं कारण पुरे धरा.