पंथाबाहेर, पण मंडळीत

महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती माणसाचा पंथ कोणता, हे बहुतेक वेळा त्याच्या आजोबांच्या जिल्ह्यावरून सांगता येते. नगर, सोलापूर, साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशन आले, म्हणून तिकडची कुटुंबे काँग्रिगेशनल झाली. कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन होते. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीने काम केले, म्हणून तिथले ख्रिस्ती अँग्लिकन. नागपुरात १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे. एकमेकांच्या कामात अडथळा नको म्हणून मिशनांनी पुढे प्रदेशही वाटून घेतले. (नगरमध्ये अमेरिकन आणि अँग्लिकन अशी दोन्ही मिशने आली, तिथे कुरबुरी झाल्याच.) गावकुसाबाहेरच्या ज्या महार किंवा मांग कुटुंबाने बाप्तिस्मा घेतला, त्याला बिशप असावा की नसावा या युरोपातल्या वादाशी काय देणेघेणे होते? त्याने ख्रिस्ताला निवडले. पंथ त्याच्या पदरात पडला.

त्यामुळे आजचा एखादा तरुण विचारतो की, येशूवर माझा विश्वास आहे, मग मी अमक्या चर्चचा सभासद असलेच पाहिजे असे का, तेव्हा त्याला उद्धट म्हणून गप्प बसवणे मला अन्यायाचे वाटते. हा प्रश्न आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या ख्रिस्ती व्यक्तींनी विचारलेला आहे, आणि त्यासाठी किंमतही मोजली आहे.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे, लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांच्या आतच त्यांचा आणि सिस्टर जेराल्डिन यांचा तीव्र पत्रव्यवहार सुरू झाला. ज्या जोगिणींच्या संघाने त्यांना आश्रय दिला, त्याच संघातल्या या सिस्टर, त्यांच्या धर्ममाता. त्रैक्याचा सिद्धांत, अथनेशियसचा मतांगीकार, बिशपांचा अधिकार, रमाबाईंनी मुलग्यांना शिकवावे की नाही, अशा अनेक गोष्टींवर खटके उडाले. रमाबाईंची भूमिका स्पष्ट होती. भारतातल्या पुरोहितवर्गाची सत्ता त्यांनी मोठ्या कष्टाने झुगारली होती, आणि तशीच दुसरी सत्ता मान्य करायला त्या तयार नव्हत्या. बाप्तिस्म्याने आपण ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीत आलो, त्यातल्या एका शाखेच्या ताब्यात गेलो नाही, असे त्या मानत. ज्यांच्या अन्नावर आपण आहोत त्यांनाच परदेशात, परक्या भाषेत हे लिहायला केवढे धैर्य लागले असेल! माझ्या मते मराठी ख्रिस्ती विचाराची ती पहिली मोठी सनद आहे.

कवी नारायण वामन टिळकांची वाट वेगळी, पण पोचली जवळपास तिथेच. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढे ते दीक्षित पाळक झाले, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात लिहीत राहिले, नगरच्या मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे येशूचे सगळे शिष्य त्यात एकत्र यावेत, हा त्यामागचा विचार. परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थेच्या भिंतींमुळेच इथल्या माणसाला ख्रिस्त दिसत नाही, हे दुःख त्यांना अखेरपर्यंत छळत होते. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही.

टिळकांच्याच वयाचा, १८६१ मध्येच जन्मलेला आणखी एक माणूस या संदर्भात आठवतो. जपानच्या कान्झो उचिमुरांनी साप्पोरोच्या शेतकी महाविद्यालयात शिकताना ख्रिस्त स्वीकारला. मिशनरींच्या पंथापंथांतली चढाओढ पाहून ते विटले आणि १९०१ च्या सुमारास त्यांनी ‘मुक्योकाई’ म्हणजे चर्चविरहित ख्रिस्ती धर्माचा विचार मांडला. त्यात पाळक नाहीत, संस्कारविधी नाहीत, सभासदांची नोंदवही नाही. चर्चची गरज नाही असे म्हणणाऱ्यांना याहून भक्कम आधार सापडणार नाही.

मात्र या तिघांनी पंथ नाकारल्यानंतर काय केले, ते पाहायला हवे. उचिमुरा टोकियोत रविवारी बायबलचे वर्ग घेत. लोक नियमाने जमत, बायबल वाचत, प्रार्थना करत, वर्षानुवर्षे एकमेकांना धरून राहत. टिळकांनी दरबार भरवला, आणि दरबार एकट्याचा नसतो. रमाबाईंनी तर केडगावला दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुली आणि विधवा आणून त्यांच्यासह एक वस्तीच उभी केली. तिथे शेती होती, छापखाना होता, विणकाम होते, आणि प्रार्थनाही होती, जिच्यातून १९०५ साली झालेल्या जागृतीची बातमी देशोदेशी गेली. तिथे नाना पंथांचे कार्यकर्ते एकत्र राबले. बिशपची सत्ता नाकारणाऱ्या बाईने आपल्या काळातली एक मोठी मंडळी घडवली. साल्व्हेशन आर्मीचेही तसेच. तिने बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन्ही विधी बाजूला ठेवले, पण एकत्र जमणे सोडले नाही.

माझे म्हणणे याच जागी उभे आहे. पंथ सोडता येतो, कधी कधी सोडावाही लागतो. मंडळी सोडून ख्रिस्ताच्या मागे फार दूर चालता येत नाही.

याचे कारण ख्रिस्ताच्या आज्ञांतच आहे. क्षमा करा, एकमेकांची ओझी वाहा, एका ताटातले खा, पाय धुवा. यातली एकही आज्ञा खोलीचे दार लावून पाळता येत नाही. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने एकांतवासी संन्याशांपुढे हाच पेच ठेवला होता. प्रभूने शिष्यांचे पाय धुऊन कित्ता घालून दिला; मग जो एकटाच राहतो त्याला धुवायला पाय कोणाचे मिळणार? सोळाशे वर्षांनंतरही मला या प्रश्नाचे उत्तर सापडलेले नाही.

मंडळी म्हणजे मित्रमंडळ नव्हे, हेही सांगायला हवे. मित्र आपण निवडतो. मंडळीत शेजारच्या बाकावर कोण बसेल, हे आपल्या हातात नसते. करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिले तेव्हा तिथे गट पडले होते. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवत होता, कोणी अपुल्लोसाचा. प्रभुभोजनाला सुखवस्तू लोक आधी येऊन खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. पंथभेद आणि वर्गभेद, दोन्ही पहिल्याच पिढीत हजर! पौलाने त्यांना खडसावले, एकमेकांसाठी थांबायला सांगितले. मंडळी मोडा, आपापल्या घरी भक्ती करा, असे मात्र सांगितले नाही.

महाराष्ट्रात या निवडीबाहेरच्या शेजाराला जातीचा संदर्भ आहे, म्हणून त्याचे मोल जास्त. नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे ख्रिस्ती लोकांच्या वस्तीत राहायला आल्या तेव्हा सोवळे घेऊनच आल्या होत्या. ते कसे सुटले, कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचा निश्चय कसा झाला, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये सांगितले आहे. घरी बसून केवळ बायबल वाचले असते तर कदाचित मतही बदलले असते. पण दुसऱ्याच्या हातून पाण्याचा तांब्या घेण्याची वेळ आली नसती. आज फोनवर देशातल्या कुठल्याही उपदेशकाचे प्रवचन ऐकता येते, आणि २०२० च्या टाळेबंदीत त्याचा आधारही वाटला. पण तो उपदेशक तुमची गैरहजेरी ओळखत नाही. तुमच्या घरी आजारपण आहे, नोकरी गेली आहे, मुलगी रुसून माहेरी आली आहे, हे त्याला माहीत नसते. त्याच्याशी तुमचे भांडण होत नाही, म्हणून समेटही होत नाही.

उलट बाजूही मला दिसते, आणि ती हलकी नाही. पंथ मिटवल्याने सगळे सुरळीत होते, असेही नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्याआधीच्या वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. बालकांचा बाप्तिस्मा मानणारे आणि केवळ प्रौढ विश्वासणाऱ्यांचाच मानणारे एकाच छपराखाली आले. शतकानुशतके ज्यावरून लोक वेगळे झाले, तो वाद इथे सोबत नांदू लागला. ही मोठी गोष्ट होती. पण मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया ऐन वेळी बाहेर राहिले. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद तर थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितले की, धार्मिक विलीनीकरणामुळे सार्वजनिक न्यासाची मालमत्ता आपोआप हस्तांतरित होत नाही. जमिनी, बंगले, शाळा यांच्या खटल्यांत किती विश्वस्तांचे आयुष्य गेले आणि किती मंडळ्या दुभंगल्या, ते आपल्या समाजात कोणाला सांगायला नको. जात तर दारातून आत आलीच. आपल्याकडे ती सोयरिकीच्या वेळी डोके वर काढते. तमिळनाडूत काही ठिकाणी कब्रस्तानातही जातीची भिंत उभी राहिली. हे पाहून कोणी चर्चकडे पाठ फिरवली तर त्याला अविश्वासू म्हणायची माझी तयारी नाही. आणि ज्याच्यावर चर्चच्याच माणसाने अत्याचार केला, त्याला परत त्याच दारात जा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिथे त्याच्याकडे जाणे, त्याचे ऐकणे, गुन्हेगाराला कायद्याच्या हवाली करणे, हे मंडळीचे काम आहे.

कॅथलिकांसाठी प्रश्नाची मांडणीच निराळी आहे. वसईच्या सामवेदी किंवा ईस्ट इंडियन घरात धर्मग्राम, मिस्सा आणि बिशप यांच्याशिवाय ख्रिस्ती जीवनाची कल्पनाच करता येत नाही. प्रेषितांपासून आलेली परंपरा हाच त्यांच्या विश्वासाचा कणा. मी त्या परंपरेत नाही, पण तिच्यातल्या धर्मग्रामाच्या ताकदीचा मला आदर आहे. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) तीही बाहेरच्या बाप्तिस्माधारकांशी आपले नाते खरे, पण अपूर्ण, असे मानते.

सगळ्यांत कठीण प्रसंग मात्र वेगळ्याच माणसाचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना मिळाला नाही. त्यामुळे खेड्यातल्या मातंग कुटुंबाने चर्चच्या नोंदवहीत नाव लावले की मुलांच्या शिष्यवृत्तीवर आणि राखीव जागेवर पाणी सोडावे लागते. असे अनेक येशुभक्त घरी प्रार्थना करतात, उपास करतात, आजाऱ्यावर हात ठेवतात आणि नोंदवहीपासून दूर राहतात. चेन्नईच्या परिसरातल्या अशाच भक्तांचा अभ्यास हर्बर्ट होफर यांनी ‘चर्चलेस ख्रिश्चॅनिटी’ या पुस्तकात केला. काही पाळक या लोकांना भित्रे म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या किमतीत पाळकाचा वाटा नाही, ती दुसऱ्याने मोजलीच पाहिजे असा आग्रह धरण्याचा हक्क पाळकाला कसा मिळतो? त्यांच्या बाबतीत टिळकांचा दरबार आजही खरा ठरतो: आधी शिष्यत्व, नोंदवही नंतर किंवा नाहीच.

पण टिळकांच्या बाबतीतच एक गोष्ट लक्षात ठेवावी. दरबार विरला, टिळकांची गीते उरली. ती टिकली कशी? ‘उपासना संगीत’ हाती घेऊन ज्या मंडळ्या रविवारी ती गातात त्यांच्यामुळे. त्यांच्या पेटीवाल्यांमुळे, चाली पाठ असलेल्या म्हाताऱ्यांमुळे, गायनवृंदात उभ्या राहणाऱ्या मुलींमुळे. मिशनच्या बाहेर पडलेल्या कवीला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले ते मंडळ्यांनी. विश्वास एकट्याचा असू शकतो. पण तो पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा तर माणसे जमावीच लागतात.

म्हणून सभासदत्वाचा प्रश्न मी तरुणांइतकाच मंडळ्यांनाही विचारतो. आमची बहुतेक दारे अजून नोंदवहीपाशी उघडतात. बाप्तिस्म्याचा दाखला, वर्गणीची पावती, जुन्या चर्चचे पत्र, मग लग्न, मग कब्रस्तानात जागा. हा क्रम उलटा व्हायला हवा. ज्या गावात येशुभक्ताचे घर आहे, तिथे पाळकाने आणि मंडळीच्या वडीलजनांनी त्याच्या घरी जाऊन बसावे, त्याच्या मुलांना गाणी शिकवावीत, त्याच्या भाकरीतली भाकरी खावी. आणि त्याच्या घरी कोणी वारले, तर त्याचे नाव कोणत्या वहीत आहे हे न विचारता कब्रस्तानात जागा द्यावी.