शनिवार आणि वसतिगृह

शिक्षणासाठी घर सोडणाऱ्या मुलाविषयी मराठवाड्यात जे बोलले जाते ते बहुतेक गुणांविषयी, फीविषयी आणि खोलीच्या भाड्याविषयी असते. त्याच्या धर्माचरणाचे काय होते हा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही, कारण येथील बहुसंख्य मुलांचा धर्म त्यांच्या ट्रंकेबरोबर आपोआप वसतिगृहात येतो. एकादशीला मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी होते, दिवाळीला क्लास बंद राहतात, श्रावणात उपवास करणाऱ्याला त्याचे कारण सांगावे लागत नाही. ज्याचे पंचांग वेगळे, ज्याच्या आठवड्याचा पवित्र दिवस वेगळा आणि ज्याच्या ताटाचे नियम शेजारच्या कॉटवरच्या मुलाने कधी ऐकलेलेही नाहीत, अशा मुलाच्या बाबतीत मात्र घर सोडणे म्हणजे नेमके काय सोडणे असते, हे पाहायचे असेल तर महाराष्ट्रातील सर्वांत लहान धार्मिक समाजांपैकी एकाचा, म्हणजे यहुद्यांचा, विचार करणे उपयोगी ठरते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील यहुद्यांची संख्या अडीच हजारांच्याही आत होती आणि त्यांतील बहुतेक जण बेने इस्राएल, म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या आणि केहिमकर, दिवेकर, राजपूरकर अशी गावांवरून पडलेली आडनावे लावणाऱ्या समाजाचे आहेत. नांदेड किंवा लातूर येथे त्यांचे प्रार्थनामंदिर नाही. म्हणूनच रायगड जिल्ह्यातील अशा एखाद्या घरातील पंधरा-सोळा वर्षांचे मूल या शहरांत शिकायला येऊन राहिले तर, ही कल्पना करून पाहिल्याने आपल्या वसतिगृहांची घडण अधिक स्पष्ट दिसू लागते.

ती घडण मुख्यतः वेळेची आहे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात, १९७० साली त्याची स्थापना झाल्यानंतरच्या काळात, प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि पुढे अनिरुद्ध जाधव यांच्या कारकिर्दीत जी अध्यापनपद्धती आकाराला आली तिला ‘लातूर पॅटर्न’ असे नाव पडले. जादा तास, सतत चाचण्या आणि प्रश्नपत्रिकांचा अविरत सराव हे तिचे मर्म होते. वाघमारे १९९४ मध्ये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. नांदेडही पुढे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांचे मोठे केंद्र बनले. निजामी राजवटीत शिक्षणाला पारख्या झालेल्या प्रदेशाने केवळ कष्टांच्या बळावर मुंबई-पुण्याच्या बरोबरीने उभे राहून दाखवले, ही गोष्ट थोर आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या शिस्तीने हे साध्य झाले तिने मुलाचा संपूर्ण आठवडा आपल्या ताब्यात घेतला. कॉट बेसिसवर घेतलेली खोली, दोन वेळची मेस, रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी अभ्यासिका आणि आठवड्याची चाचणी यांच्यामध्ये मोकळा असा दिवस उरतच नाही.

यहुदी धर्म मात्र मोकळ्या दिवसावरच उभा आहे. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंतचा काळ, हा त्या धर्मातील सर्वांत पवित्र काळ होय. परंपरेने निषिद्ध मानलेल्या एकोणचाळीस प्रकारच्या कामांत अग्नी पेटवणे, स्वयंपाक करणे आणि लिहिणे यांचा समावेश होतो, आणि आधुनिक काळात विजेची बटणे दाबण्यापर्यंत त्या निषेधाची व्याप्ती मानली जाते. बेने इस्राएलांच्या इतिहासात या दिवसाचे स्थान विलक्षण आहे. कोकणात स्थिरावलेल्या या समाजाकडे दीर्घ काळ ना धर्मग्रंथ होते, ना हिब्रू जाणणारा गुरू. तरीही सुंता, ‘शेमा’ ही एकेश्वराची घोषणा, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि शनिवारची विश्रांती एवढ्या गोष्टी त्यांनी टिकवल्या. तेलाचे घाणे चालवणाऱ्या या लोकांचा घाणा शनिवारी बंद असे, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. कोचीनहून आलेल्या दाविद राहाबी यांनी याच खुणांवरून त्यांना ओळखले, असे परंपरा सांगते. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी बांधले. त्यापूर्वीची सगळी शतके हा धर्म पोथीवाचून आणि मंदिरावाचून टिकला, तो केवळ घर आणि आठवडा यांच्या आधारावर, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. पोथी आणि मंदिर गमावूनही जो समाज तगला, त्याच्या मुलाला शिक्षणासाठी पाठवताना नेमके घर आणि आठवडा हेच दोन आधार काढून घेतले जातात.

हा पेच बेने इस्राएलांना नवा नाही. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या मुलांना शाळा मिळाली ती प्रथम ख्रिस्ती मिशनऱ्यांची; जुना करार मराठीत वाचायला मिळाल्याने आपल्याच धर्माची ओळख त्यांना परक्यांच्या शाळेत नव्याने झाली, आणि त्याच वेळी धर्मांतराची धास्तीही निर्माण झाली. या धास्तीला हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेले उत्तर म्हणजे मुंबईत १८७५ मध्ये सुरू झालेली इस्राएली शाळा, जी पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आलेल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रिबेका रूबेन १९२२ पासून सुमारे तीन दशके या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. समाजाची स्वतःची शाळा असली म्हणजे शनिवारचा प्रश्न शाळेच्या वेळापत्रकातच सुटतो. ज्याच्या समाजाला अशी शाळा काढण्याएवढे संख्याबळ नाही, त्याला तो एकट्याने सोडवावा लागतो.

संख्याबळाचा दुसराही एक अर्थ येथे लक्षात घ्यावा लागतो. यहुदी सामूहिक प्रार्थनेसाठी मिन्यान, म्हणजे तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष, उपस्थित असावे लागतात. नऊ जमले तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत आणि तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी काढून जाहीर वाचन करता येत नाही. तेरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा, बार मित्झ्वाह झाल्यावर, या दहांत धरला जातो. ज्या गावात यहुदी कुटुंबे मोजकीच उरली आहेत तेथे अकरावीसाठी बाहेर पडलेला एक मुलगा म्हणजे प्रार्थनेतला दहावा माणूस असू शकतो, आणि मग त्याच्या जाण्याने त्याच्या शिक्षणाची सोय होत असली तरी गावच्या शनिवारची प्रार्थना अडते. अलिबाग, पेण, रेवदंडा, बोर्ली या परिसरातील प्रार्थनामंदिरे ओस पडण्याला इस्राएलकडे झालेले स्थलांतर हे प्रमुख कारण होते हे खरेच, परंतु त्याआधीच शाळेसाठी आणि नोकरीसाठी मुंबईची वाट धरणाऱ्या तरुणांनी ही गळती सुरू केली होती. मोठ्या समाजातील आईबाप मुलाला पाठवताना स्वतःच्या विरहाचा विचार करतात. लहान समाजातील आईबापांना तो मोजणीतूनही वजा होतो याची जाणीव ठेवावी लागते.

घर सोडून शिकणे ही कल्पना तशी यहुदी परंपरेला आणि मराठी परंपरेला सारखीच जवळची आहे. पूर्व युरोपातील येशिवांमध्ये, म्हणजे धर्मशास्त्राच्या विद्यापीठांमध्ये, दूरच्या गावांहून आलेली किशोरवयीन मुले आठवड्याच्या प्रत्येक दिवशी वेगवेगळ्या घरी जेवत. पुण्यात आणि नाशकात वेदपाठशाळेत शिकणारा गरीब विद्यार्थी ज्या प्रकारे वार लावून जेवत असे, त्याच्याशी ही पद्धत जवळजवळ तंतोतंत जुळते, आणि परक्याच्या उंबऱ्यावर रोज उभे राहताना होणारा मानभंगही दोन्हीकडे सारखाच असला पाहिजे. सध्याच्या बेलारूसमधील व्होलोझिन येथे १८०३ मध्ये स्थापन झालेल्या येशिवाने ही प्रथा मोडली आणि दूरदूरच्या समाजांकडून निधी गोळा करून मुलांच्या निर्वाहाची व्यवस्था संस्थेकडे घेतली. महाराष्ट्रात सुमारे शंभर वर्षांनंतर असेच वळण कोल्हापूरला आले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे करण्यास साहाय्य केले आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे काढवली. प्रत्येकाची चूल वेगळी असल्यामुळेच त्या काळच्या पालकांनी मुले पाठवली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी मात्र साताऱ्यात १९२४ मध्ये सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह आणि एकच स्वयंपाकघर असा निश्चय केला आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

यहुदी मुलाचा प्रश्न या दोन आदर्शांच्या मधोमध अडकलेला आहे. वेगळी चूल जातिभेदाला पोसते आणि एक चूल समतेला, हा महाराष्ट्राने मोठी किंमत मोजून शिकलेला धडा आहे. त्यावर पाणी सोडता येणार नाही. तथापि कश्रुथ, म्हणजे यहुदी आहारनियम, यांचा भर अन्न कोणते आहे, प्राणी कसा मारला आहे आणि मांस व दूध एकत्र येत नाही ना, यांवर अधिक आहे, आणि सोबतच्या पंगतीत कोण बसले आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही. अन्न कोणी शिजवले याविषयीही त्या शास्त्रात काही नियम आहेत, आणि खुद्द बेने इस्राएलांत एके काळी गोरे व काळे असा भेद पाळला जात होता, हे मान्य करूनच हे म्हटले पाहिजे. व्यवहारात लातूर-नांदेडची शाकाहारी मेस या मुलाला फारशी अडचणीची नाही. मांस नसल्यामुळे मांस-दुधाचा प्रश्नच उद्भवत नाही. पेसाह, म्हणजे इजिप्तमधील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचा मार्च-एप्रिलमध्ये येणारा सण, असतो त्या आठवड्यात गहू, जव यांसारख्या पाच धान्यांचे आंबलेले किंवा आंबण्याची शक्यता असलेले पदार्थ वर्ज्य असतात, म्हणून चपाती आणि पाव सुटतात. परंतु ज्वारी त्या पाच धान्यांत येत नाही, आणि ज्या परंपरेत तांदूळ-डाळींना मज्जाव नाही तेथे वेगळ्या तव्यावर, गव्हाचा स्पर्श नसलेल्या पिठाची मराठवाडी भाकरी या मुलाला चालण्यास तत्त्वतः हरकत दिसत नाही. परीक्षांच्या ऐन हंगामात मेस चालवणाऱ्या बाईंनी एवढे जमवून दिले तर आठवडा निभावतो.

आहाराचे जमते, दिवसाचे जमत नाही, हे या सगळ्या विचारातील खरे दुखणे आहे. बारावीचे काही पेपर शनिवारी येतात, अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांची सत्रे शनिवारी होतात, क्लासची चाचणी शनिवारी असू शकते, आणि उत्तरपत्रिका लिहिल्यावाचून कोणतीही परीक्षा देता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शाळांत यहुदी मुलांनी शनिवारी वर्गात यावे परंतु त्यांच्यावर लिहिण्याची सक्ती असू नये, अशी सवलत अनेक ठिकाणी दिली जात होती. ती पुरेशी होती असे नाही, परंतु लिहिण्याची मनाई हा आळस नसून श्रद्धा आहे, एवढे राज्यव्यवस्थेने त्यात मान्य केले होते. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. त्यामुळे शिष्यवृत्तीचा आणि स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा मार्ग खुला झाला, पण मोजक्या विखुरलेल्या कुटुंबांना संस्था काढण्याच्या हक्कापेक्षा दुसऱ्याच्या संस्थेत एक दिवस मिळण्याची गरज अधिक असते, आणि तो दिवस कोणत्याही शासननिर्णयात अद्याप दिसत नाही. खासगी क्लासला शनिवारची चाचणी त्या एका विद्यार्थ्यासाठी रविवारी घेणे अशक्य नाही. सरावाच्या प्रश्नपत्रिकेला तारखेचे पावित्र्य नसते.

नांदेडमध्ये हे विशेष ठळकपणे जाणवते, कारण अल्पसंख्याक धर्माला स्वतःचे शहर असणे म्हणजे काय ते येथे दिसते. गुरू गोविंदसिंगांचे देहावसान १७०८ मध्ये येथे झाले, महाराजा रणजितसिंगांच्या काळात सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याची वास्तू उभी राहिली, आणि आज पंजाबातून किंवा अन्य कुठूनही आलेल्या शीख मुलाला या गावात लंगरचे अन्न, प्रार्थनेची वेळ आणि त्याची भाषा बोलणारी वडीलधारी माणसे मिळतात. लंगरमध्ये कोणीही बसू शकतो. यहुदी मूलही तेथे पोटभर शाकाहारी जेवू शकते आणि सन्मानाने उठू शकते. पण त्याच्या शनिवारला तेथे जागा नाही, आणि तशी अपेक्षा करणेही योग्य नव्हे.

अशा मुलाच्या वाट्याला येणारी सर्वांत जड गोष्ट म्हणजे निर्णय. कायद्याच्या दृष्टीने ते अठरा वर्षांपर्यंत अज्ञान आहे, महाविद्यालयाच्या दाखल्यावर पालकाची सही लागते. परंतु धर्माच्या दृष्टीने मुलगा तेराव्या वर्षी आणि मुलगी बाराव्या वर्षी स्वतःच्या आचरणाला उत्तरदायी होते. घरी असताना ही जबाबदारी नावापुरती असते, कारण शुक्रवारी संध्याकाळी आई दिवे लावते आणि घर आपोआप थांबते. मुलींच्या वसतिगृहात खोलीत ज्योत पेटवण्यास सहसा बंदी असते, ती सुरक्षेसाठी आवश्यकही असते. त्यामुळे परंपरेने स्त्रीकडे सोपवलेला शब्बाथचा पहिला विधीच तेथे करता येत नाही, जोवर रेक्टरबाई तळमजल्यावरच्या देवघराजवळ किंवा भोजनगृहात दोन दिव्यांसाठी जागा काढून देत नाहीत. घरी फोनही शनिवारी करता येत नाही, म्हणून तो शुक्रवारी ऊन कलण्यापूर्वी करावा लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी क्लासचा शेवटचा तास चालू असतो. त्या तासातून अर्धा तास आधी उठण्याची परवानगी मागायची की नाही, मागितली तर कारण काय सांगायचे, आणि ज्या मुलांनी यहुदी हा शब्द फक्त इतिहासाच्या पुस्तकात हिटलरच्या प्रकरणात वाचला आहे त्यांना कोकणातल्या घाण्यापासून सुरुवात करून सगळे समजावायचे की गप्प राहायचे, हे त्या वयाच्या मुलाला किंवा मुलीला दर आठवड्याला एकट्याने ठरवावे लागते.