दुसऱ्याच्या पराभवाचा आनंद



आपल्या धर्मग्रामात फुटबॉल ही काही नवी गोष्ट नाही. भाताची कापणी झाली, शेते मोकळी झाली की दोन बांबू रोवून गोल तयार होतो आणि संध्याकाळी मुलांचा आरडाओरडा चर्चच्या घंटेपर्यंत चालू राहतो. तेव्हा रविवारच्या पत्रिकेत फुटबॉलवर लिहिले म्हणून कोणी रागावणार नाही अशी आशा आहे. मात्र मला खेळापेक्षा एका प्रश्नाविषयी लिहायचे आहे. आपल्या संघावर प्रेम करता करता दुसऱ्या संघाचे वाईट व्हावे असे वाटणे, हा नुसता खेळाचा भाग आहे की त्यात आपल्या आत्म्याला धोका आहे?

मी नोकरीनिमित्त आखातात होतो तेव्हा आमच्या कंपनीत स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचा एक फोरमन होता. शुक्रवारच्या मिस्साला आम्ही एकाच गाडीतून जायचो. त्याच्यामुळे मी सेल्टिक या क्लबचा चाहता झालो. त्याने मला प्रथम सांगितले ते गोलांविषयी नव्हे, तर एका धर्मबंधूविषयी.

आयर्लंडच्या स्लायगो परगण्यात बॅलीमोट येथे १८४० साली जन्मलेला अँड्र्यू केरिन्स मारिस्ट संघात दाखल झाला व ब्रदर वॉलफ्रिड झाला. ग्लासगोच्या पूर्व भागात तो शाळेत काम करीत असे. दुष्काळ आणि दारिद्र्यामुळे आयर्लंड सोडून आलेली हजारो कॅथलिक कुटुंबे तेथे दाटीवाटीने राहत होती. मुले उपाशीपोटी शाळेत येत. त्यांना एक वेळचे गरम जेवण मिळावे म्हणून ब्रदर वॉलफ्रिड धडपडत होते. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे कार्यकर्ते त्यांच्या साथीला होते. पण जेवणाला पैसा लागतो. म्हणून ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात सभा भरली आणि फुटबॉल क्लब काढण्याचे ठरले. सामन्याच्या तिकिटांतून गरीब मुलांच्या ताटात अन्न पडावे, हा त्यामागचा हेतू. एका धर्मग्रामाच्या सभागृहात, आपल्यासारख्याच सामान्य प्रापंचिकांच्या सभेत जन्मलेला हा क्लब! हे ऐकल्यावर मी त्याचा चाहता झालो नसतो तरच नवल.

आता ज्या हंगामाने मला हा प्रश्न विचारायला लावला, त्याविषयी. तो २००२-०३ चा हंगाम. मार्टिन ओ'नील प्रशिक्षक होते आणि स्वीडनचा हेन्रिक लार्सन गोल करीत होता. २००३ च्या मार्च महिन्यात एका आठवड्यात तीन गोष्टी घडल्या. १६ तारखेला लीग कपच्या अंतिम सामन्यात सेल्टिक आपल्याच शहरातील प्रतिस्पर्धी रेंजर्सकडून २-१ असा हरला. २० तारखेला त्याने लिव्हरपूलला त्यांच्याच मैदानावर २-० असे हरवून युरोपच्या स्पर्धेतून बाहेर काढले. आणि २३ तारखेला इन्व्हरनेस या छोट्या क्लबाने त्याला स्कॉटिश कपमधून घालवून दिले. उंचावर चढणे आणि खाली पडणे इतके जवळजवळ असते!

२१ मे रोजी स्पेनमधील सेव्हिल शहरात यूएफा कपचा अंतिम सामना झाला. लार्सनने दोनदा हेडरने बरोबरी साधली. पण जादा वेळेत पोर्तुगालच्या पोर्तोने तिसरा गोल केला आणि सेल्टिक ३-२ असा हरला. आम्ही कॅम्पच्या टीव्हीसमोर मध्यरात्रीपर्यंत बसलो होतो. फोरमन काही बोलला नाही. त्याने फक्त टीव्ही बंद केला.

चार दिवसांनी, २५ मे रोजी, लीगचा शेवटचा दिवस होता. सेल्टिक आणि रेंजर्स यांचे गुण समान आणि गोलफरकही समान! सेल्टिक किल्मार्नॉकशी खेळत होता, रेंजर्स डनफर्मलिनशी. ग्लासगोहून फोरमनचा भाऊ फोनवर बातम्या देत होता. सेल्टिक ४-० असा जिंकला. एक पेनल्टी मात्र वाया गेली. रेंजर्स ६-१ असा जिंकला. त्यातला शेवटचा गोल अगदी अखेरच्या क्षणी, पेनल्टीवर. दोघांचे गुण ९७. रेंजर्सचा गोलफरक ७३, सेल्टिकचा ७२. एका गोलाने लीग गेली. ३८ सामने, युरोपभरचा प्रवास, आणि हंगामाच्या शेवटी हाती एकही करंडक नाही.

बंधुभगिनींनो, माझा प्रश्न येथून सुरू होतो. त्या संध्याकाळी माझ्या खिशात जपमाळ होती आणि ती माझ्या हातात आली. सुरुवातीला मी सेल्टिकच्या गोलांसाठी नमो मरिया म्हणत होतो. पण सेल्टिक तर जिंकतच होता! मग माझी प्रार्थना नकळत दुसऱ्या मैदानाकडे वळली. रेंजर्सच्या गोलकीपरच्या हातून चेंडू सुटावा, त्यांच्या कोणाला तरी दुखापत व्हावी, असे मी मागू लागलो. होय, दुखापतसुद्धा. पवित्र मातेला मी काय मागत होतो, हे मला सामना संपल्यावर कळले आणि लाज वाटली. अर्थात लाज फार दिवस टिकली नाही.

कोणी म्हणेल, एवढे मनावर कशाला घ्यायचे, खेळ आहे. पण ग्लासगोमध्ये ते नुसत्या खेळावर थांबलेले नाही. एका बाजूला आयरिश कॅथलिकांचा क्लब, दुसऱ्या बाजूला प्रॉटेस्टंटांचा मानला जाणारा क्लब, असे वर्षानुवर्षे रूढ झाले. रेंजर्सने अनेक दशके कॅथलिक खेळाडू घेण्याचे टाळले; १९८९ साली त्यांनी मो जॉन्स्टन या कॅथलिक खेळाडूला घेतले तेव्हा मोठी खळबळ उडाली. आणि मी सांगतो आहे त्याच हंगामाच्या आरंभी, ऑगस्ट २००२ मध्ये, सेल्टिकचा नील लेनन उत्तर आयर्लंडच्या संघाचे नेतृत्व करणार होता. सामन्याआधी त्याला जिवे मारण्याची धमकी आली. तो खेळला नाही आणि त्याने राष्ट्रीय संघच सोडला. द्वेषाचे बी कितीही लहान असो, ते कोठपर्यंत वाढते याला मर्यादा नाही. आणि दोष एकाच बाजूचा असतो असेही नाही. आपल्या बाजूच्या प्रेक्षकांनीही काय काय गायले आहे, हे फोरमन मला सांगताना मान खाली घालत असे.

पण त्याच क्लबच्या इतिहासात दुसरेही एक पान आहे. १९६७ साली सेल्टिकने लिस्बन येथे इंटर मिलानला २-१ असे हरवून युरोपियन कप जिंकला. असा मान मिळवणारा तो पहिला ब्रिटिश क्लब. त्या संघाचे प्रशिक्षक जॉक स्टीन हे प्रॉटेस्टंट होते! कॅथलिक ब्रदरने स्थापलेल्या क्लबला सर्वांत मोठा आनंद एका प्रॉटेस्टंट माणसाने दिला. देवाच्या कामात कुंपणे नसतात, हे आपण किती वेळा विसरतो?

२०१२ साली माझी खरी परीक्षा झाली आणि मी तीत नापास झालो. रेंजर्सची कंपनी कर्ज व करांच्या थकबाकीमुळे दिवाळखोरीत गेली आणि क्लबला सर्वांत खालच्या, चौथ्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात करावी लागली. मी तोवर गावी परतलो होतो. बातमी वाचून मला इतका आनंद झाला की मी फोरमनला फोन लावला. मला वाटले, तो हसेल. तो म्हणाला, "माझ्या शेजारी एक म्हातारा राहतो. साठ वर्षे रेंजर्सचे सामने बघतो आहे. तीन दिवस घराबाहेर आलेला नाही. मी आता त्याच्याकडे चहाला चाललोय." एवढे बोलून त्याने माझ्या तब्येतीची चौकशी केली. मी फोन ठेवला तेव्हा माझा आनंद मलाच परका वाटू लागला.

मग आपल्या लोकांवर अधिक प्रेम करणेच चूक आहे का? नाही. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की प्रेमालाही क्रम असतो; जे आपल्या जवळचे आहेत त्यांच्यावर आपले प्रेम अधिक असणे स्वाभाविक आणि योग्य आहे. आपली आई, आपली आळी, आपला धर्मग्राम, आपला संघ... येथूनच माणूस प्रेम करायला शिकतो. ज्याला आपल्या घराची ओढ नाही, तो जगावर प्रेम करतो असे म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवणे कठीण. पण तेच संत थॉमस मत्सराच्या पोटी जन्मणाऱ्या पापांमध्ये शेजाऱ्याच्या दुर्दैवाने होणाऱ्या आनंदाची गणना करतात. नीतिसूत्रांचे पुस्तकही शत्रू पडला असता आनंद मानू नये असे बजावते. म्हणजे 'माझे जास्त प्रिय' यात पाप नाही. 'माझे प्रिय, म्हणून तुझे वाईट होवो' येथे वाट चुकते. दोन वाक्ये किती जवळजवळ आहेत, आणि एकावरून दुसऱ्यावर आपण किती सहज घसरतो!

याला आणखी एक बाजू आहे. २०१२ ते २०१६ या वर्षांत लीगमध्ये सेल्टिक आणि रेंजर्स यांची गाठ पडली नाही. सेल्टिकने त्या चारही वर्षी लीग जिंकली. मी ज्याची इच्छा केली होती ते सर्व मला मिळाले होते. पण खरे सांगतो, त्या जिंकण्याला चव नव्हती. समोर तोलामोलाचा गडी नसेल तर आपल्या धावण्याला अर्थ कोठला? प्रतिस्पर्धी आपल्याला आपले सर्वस्व द्यायला भाग पाडतो. २००३ मध्ये सेल्टिकने ९७ गुण मिळवले ते रेंजर्स मागे हटत नव्हता म्हणूनच. त्या अर्थाने प्रतिस्पर्धी हा देवाने दिलेला साथीदार असतो.

आणि तो हंगाम वाया गेला का? सेव्हिलला सेल्टिकचे सुमारे ८० हजार चाहते गेले होते. बहुतेकांकडे तिकीटही नव्हते. त्यांचा संघ हरला. पण शहरात दंगा झाला नाही. यजमान आणि पोर्तोचे लोक यांच्याशी ते ज्या खिलाडूपणाने वागले त्यासाठी त्या वर्षी फिफाने आपला फेअर प्ले पुरस्कार सेल्टिकच्या चाहत्यांना दिला. त्या हंगामात संघाला करंडक मिळाला नाही, चाहत्यांना मिळाला. आणि तो हरल्यानंतरच्या वागणुकीबद्दल मिळाला. संत पौल नाशवंत मुकुट आणि अविनाशी मुकुट यांतला फरक सांगतात, तेव्हा मला सेव्हिलचे हे लोक आठवतात.

आता घरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आपल्या मैदानावर दोन आळ्यांचा सामना होता. दुसऱ्या आळीच्या एका मुलाने पेनल्टी बाहेर मारली आणि आम्ही, वयाने मोठी माणसे, रेषेबाहेर उभे राहून टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. मी तर त्याच्या घराण्याच्या नावानेही काहीतरी ओरडलो. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा. तो तेथेच खाली बसून रडला. पुढच्या रविवारी शांतीचे चिन्ह देण्याच्या वेळी मी शेजारच्यांना हात जोडून मागे वळलो, तर मागच्या बाकावर तोच मुलगा. त्याने मला ओळखले होते. क्षणभर थांबून त्याने माझ्यापुढे हात केला. मी तो हातात घेतला, पण त्याच्या डोळ्यांकडे बघू शकलो नाही. त्या दिवशी ख्रिस्तशरीर स्वीकारायला रांगेत उभे राहणे मला जड गेले. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांनी, "अंकल, बसा ना," म्हटले आणि चहा आला. मी माफी मागितली तेव्हा मुलगा म्हणाला, "जाऊ द्या अंकल, बॉल खरंच लांब गेला होता." आम्ही सगळे हसलो. पण ते हसू त्याने मला दिलेले दान होते, हे मी विसरलेलो नाही.

सुटीत पुन्हा सामने भरतील. आपण आपल्या संघासाठी जरूर ओरडावे, घसा बसेपर्यंत ओरडावे. फक्त प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: समोरच्या संघातील मुलगा पडला तर त्याला उठवायला माझा हात पुढे होईल का? उत्तर 'होय' असेल तर आपले प्रेम निरोगी आहे. उत्तर द्यायला वेळ लागत असेल, तर पापनिवेदनाला जाताना ही गोष्टही सोबत न्यावी.

एक गोष्ट सांगून थांबतो. सेल्टिकचा पहिला सामना २८ मे १८८८ रोजी झाला आणि तो रेंजर्सशीच होता. सेल्टिकने तो ५-२ असा जिंकला. नंतर दोन्ही संघ सेंट मेरीज चर्चच्या त्याच सभागृहात एकत्र जेवायला बसले. पुढच्या सव्वाशे वर्षांत काय काय झाले ते आपण पाहिले. पण सुरुवात एका पंगतीने झाली होती. प्रभूनेही आपल्याला एका मेजाभोवतीच बोलावले आहे, आणि त्या मेजाभोवती सर्व आळ्यांची माणसे बसतात. या वर्षी आपल्या स्पर्धेच्या शेवटी बक्षीस समारंभाआधी दोन्ही संघांचे जेवण एकत्र ठेवता येईल का? युवक मंडळाने विचार करावा. भांडी धुवायला मी येतो.

- एक धर्मग्रामस्थ