कौशल्यदान आणि उत्तरदायित्व

विद्या दिल्याने वाढते, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकविले जाते. परंतु ती कोणास द्यावी व कोणत्या रूपाने द्यावी, याचा विचार त्या मानाने थोडा झालेला आहे. आजवर तो फारसा निकडीचा नव्हता. विद्या घेणारा नेहमी मनुष्यच असे, आणि विद्येबरोबर तिच्या वापरातील दोषही तोच शिरावर घेत असे. आता मात्र मनुष्य नव्हे अशा घेणाऱ्याशी आपली गाठ पडली आहे. म्हणून हा प्रश्न पुन्हा विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ज्यास कृत्रिम बुद्धीचा ‘एजंट’ म्हणतात, तो जुन्या व्यवहाराच्या भाषेत एक मुखत्यार होय. त्यास काम सांगावे, आणि त्याने पत्रे वाचून, हिशेब तपासून, संगणकावरील निरनिराळी साधने चालवून ते तडीस न्यावे, अशी योजना असते. त्याचे वाचन अफाट. पण प्रत्येक काम तो बहुधा नव्याने जुळवितो, त्यामुळे काल बरोबर आलेला हिशेब आज चुकण्याचा संभव राहतो. यावर तोड अशी निघाली की, एकदा नीट जमलेली कृती प्रोग्रामच्या रूपाने लिहून ठेवावी, आणि पुन्हा तसा प्रसंग आला म्हणजे एजंटाने तीच उचलून चालवावी. २०२३ साली ‘व्हॉयेजर’ नावाच्या प्रयोगात ‘माइनक्राफ्ट’ या खेळातील एजंटाने असे प्रोग्राम स्वतःच रचून त्यांचा संग्रह केला, व जुन्या कृतींच्या आधारे अधिक अवघड कृती साधल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने ‘स्किल्स’ या नावाने हीच कल्पना नित्याच्या कामात आणली. एका फोल्डरात कामाची लेखी रीत व सोबत प्रोग्राम ठेवावयाचे. एजंट आरंभी केवळ नाव व त्रोटक वर्णन पाहतो, आणि गरज पडेल तेव्हाच आतील मजकूर उघडतो.

ही गोष्ट ऐकण्यास नवी असली तरी तिचे तत्त्व आमच्या सांगली भागास शंभराहून अधिक वर्षे परिचित आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेव्हाच्या औंध संस्थानातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली, आणि तेथे लोखंडी नांगर होऊ लागले. बिडाचा भाग ओतावयाचा म्हणजे आधी त्याचा लाकडी नमुना, कारखान्याच्या बोलीत पॅटर्न, घडवावा लागतो. तो वाळूत दाबून साचा उठवितात व त्यात रस ओततात. बीड निवताना फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच आकसते, म्हणून नमुना तेवढा मोठा करतात. हे गणित नमुना करणाऱ्याने एकदा केले की, वाळू दाबणाऱ्यास ते ठाऊक असण्याचे कारण उरत नाही. एकाचे ज्ञान लाकडात उतरले आणि अनेक हातांच्या उपयोगी पडले. एजंटास दिलेला प्रोग्राम असाच एक नमुना आहे, आणि त्यातील औदार्य नाकारणे कोत्या मनाचे होईल.

परंतु त्याच नमुन्यात दुसराही धडा आहे. त्यावरून कोणी बिडाऐवजी पोलाद ओतले तर वस्तू लहान भरते, कारण पोलाद जवळजवळ दुप्पट आकसते. नमुना ही सूचना देत नाही. तो मुकाट्याने आपले काम करतो. शिवाय हाताची चूक एका वस्तूपुरती असते, नमुन्यातील चूक प्रत्येक वस्तूत उतरते. समजा, सांगलीच्या हळदीच्या पेठेत हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्यांच्या पट्ट्या करण्याचा प्रोग्राम एजंटास दिला, आणि त्यातील एक दर चुकला. प्रत्येकाचे नुकसान थोडे. पण ते शेकडो घरांत पोहोचेल, आणि पट्टी स्वच्छ छापलेली असल्यामुळे कोणास शंकाही येणार नाही. कसे करावे हे लिहून देणे सोपे आहे. कोठे थांबावे हे बहुधा लिहिणाऱ्याच्या मनातच राहते.

कोणी म्हणेल की, मोटेपासून मोटारीपर्यंत कोणतेच यंत्र जाब देत नाही; मग येथेच एवढा खल कशाला? भेद असा की, यंत्र कोठे चालवावे हे मनुष्य ठरवितो, तर येथे कोणते कौशल्य कोणत्या प्रसंगी लावावे ही निवडही एजंटाकडे जाते. मग लिहिणारा म्हणतो, मी केवळ रीत लिहिली; धनी म्हणतो, मी केवळ काम सांगितले; आणि तिसऱ्यास तर जाब विचारताच येत नाही. या बाबतीत १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १८४ वे कलम मननीय आहे. अज्ञान मुलासही मुखत्यार नेमता येते, आणि त्याने केलेला व्यवहार धन्यास बाहेरच्यांशी बांधून टाकतो. पण ते मूल धन्यास जबाबदार धरले जात नाही. यंत्र ही कायद्याने व्यक्ती नव्हे, हे खरे. तरी या कलमातील नीती येथे पुरेपूर लागू पडते. ज्यास जाब देता येत नाही त्याच्या हाती काम सोपविणाऱ्याने सगळा जाब स्वतःच द्यावयाचा असतो.

हा जाब देण्यास पारख लागते, आणि पारख कशी येते हे मिरजेत पाहावे. तेथील सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळ्याची मापे लिहून देता येतील; पण घोडी कानशीने हलकेच घासून जवारी काढताना कोठे थांबावे हे कान सांगतो, आणि तो कान वर्षानुवर्षे हलकीसलकी कामे करता करताच तयार होतो. किर्लोस्करांचे नांगर विकीत गावोगाव हिंडलेल्या भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व तेथेही चालविले. त्यात गरिबीवर उपाय होताच. पण काम करणाऱ्या हातालाच कामाची खोली कळते, हीही जाण त्यात होती असे आम्ही समजतो.

आमची खरी धास्ती येथे आहे. नव्या पदवीधराने आरंभी करावयाची बारीकसारीक कामे हीच प्रथम एजंटाकडे जात आहेत. ती ज्याने कधी केलीच नाहीत, तो उद्या नमुन्यातील चूक कशी ओळखणार? तेव्हा कौशल्ये अवश्य लिहावीत. पण प्रत्येकाबरोबर ते कोठे वापरू नये हे लिहावे, त्याचा जाब देणाऱ्या मनुष्याचे नाव लिहावे, आणि ते काम काही काळ तरी तरुणांकडून हाताने करवून घ्यावे. कौशल्य दुसऱ्यास देता येते, उत्तरदायित्व देता येत नाही. आणि ते पेलण्यास समर्थ अशी माणसे घडविणे हे काम कोणत्याही मुखत्यारावर सोपविण्याजोगे नाही.